चहाने पोळलेल्या हातावर नवी कातडी कुठून येते?

धायरीचा बाबा

मंडळी, नमस्कार. माझी लेक सात वर्षांची आहे. गेल्या रविवारी सकाळी ओट्यावरून चहाचं पातेलं उतरवताना तिचा धक्का लागला आणि गरम चहा तिच्या डाव्या हातावर सांडला, मनगटाच्या वर, कोपराच्या अलीकडे. बायकोने तिला तशीच उचलून मोरीत नेलं, हातातली बांगडी काढली आणि नळाखाली हात धरून ठेवला, चांगली वीस मिनिटं. मग सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्टी केली, धनुर्वाताचे डोस वेळेवर झालेत ना ते विचारलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

दुसऱ्या ड्रेसिंगला फोड आपसूक फुटलेला होता आणि त्याची साल पट्टीबरोबरच सुटून आली. खाली ओली, गुलाबी-लाल जागा. पंख्याची हवा लागली तरी पोरगी किंचाळत होती. डॉक्टर म्हणाले, "वरवरचं आहे, दोन आठवड्यांत भरून येईल, ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून लावणं, वगैरे काही लागणार नाही." त्यांच्यावर विश्वास आहे, उपचारांबद्दल मला काही विचारायचं नाहीये. पण दवाखान्यात इतकी गर्दी होती की बाकीचं तोंडातच राहिलं.

अख्खी साल निघून गेल्यावर नवी येणार कुठून? कडेकडेने सरकत येणार असेल तर मधला भाग भरायला महिने लागायला हवेत, दोन आठवडे कसे? "वरवरचं" आहे तर इतकं दुखतं का? आणि त्या फोडात एवढं पाणी आलं कुठून? काल झोपताना लेकीने विचारलं, "बाबा, माझ्या आतलं सगळं पाणी असंच बाहेर येईल का?" मी "नाही गं" म्हटलं, पण का नाही ते मला सांगता आलं नाही. रंग परत येईल का, हाही प्रश्न आहेच. आई म्हणते, कुंडीतल्या कोरफडीचा गर लाव. सध्या डॉक्टरांच्या पट्टीशिवाय काहीही लावलेलं नाही.

सहकारनगरची मावशी

अरे देवा, लेकराला केवढं सोसावं लागलं. आमच्याकडे पोळलं की हळद आणि तूप लावायची पद्धत. माझ्या सासूबाई तर लगेच टूथपेस्ट लावायच्या, त्याने गार वाटतं. मला त्यातलं शास्त्र काही माहीत नाही. संध्याकाळी सारसबागेतल्या गणपतीला जाते, पोरीच्या नावाने दूर्वा वाहून येईन.

निवृत्त सिस्टर

धायरीकर, आधी तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. नोकरीची बहुतेक वर्षं मी बर्न्स वॉर्डात काढली. नळाखाली वीस मिनिटं हात धरून मग आणलेलं मूल आमच्याकडे फार क्वचित यायचं. बहुतेकांच्या अंगावर काही ना काही थापलेलं असायचं. शाई, पीठ, टूथपेस्ट. ते धुऊन काढल्याशिवाय जखम किती खोल आहे तेही कळत नाही, आणि काढताना लेकराचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. चहा ओघळून गेला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत उतरतच राहते. वाहतं गार पाणी ती काढून घेतं. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर फायदा होतो. बर्फ मात्र कधीच लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि जखम आणखी खोल जाते. तुमचं वरवरचं राहिलं त्यात त्या नळाचा वाटा मोठा आहे.

आता तुमचे प्रश्न. कातडी म्हणजे एकमेकींना घट्ट धरून असलेल्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा लक्षात आलं की बाकीचं उलगडत जातं.

वरची ती बाह्यत्वचा. तुमच्या लेकीच्या हातावर ती फार तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असेल. मोठ्या माणसाच्या तळपायाला दीड मिलिमीटरपर्यंत जाते. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. आहेत त्या नुसत्या पेशी, एकीवर एक. सगळ्यात खालच्या रांगेतल्या पेशी सतत नव्या पेशी जन्माला घालतात आणि जुन्या वर ढकलल्या जातात. वर जाताना त्या चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, त्यांचं केंद्रक नाहीसं होतं आणि पृष्ठभागापाशी पोचेपर्यंत त्या मेलेल्या असतात. मरण्याआधी त्या स्वतःतली चरबी बाजूच्या फटींत ओततात: सिरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड. मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर आणि मधल्या फटींत ही चरबी, एवढ्याच्या जोरावर आपण पाण्याने भरलेलं शरीर घेऊन पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी रस्त्यावरून चालू शकतो. खालून निघालेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना किंवा थोडा जास्त लागतो. आंघोळीला अंग चोळल्यावर मळ म्हणून जे निघतं त्यात या पेशीच बऱ्याच असतात.

खालची ती अंतस्त्वचा. हिच्यात कोलॅजनच्या दोऱ्यांची दाट वीण असते, ताणून सोडलं की पूर्ववत करणारे इलास्टिनचे तंतू असतात. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घर्मग्रंथी, तैलग्रंथी, केसांची मुळं, सगळं इथे. वरचीला जेवायला हीच घालते. तिच्याखाली चरबीचा थर. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावी तशा या दोघी एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणूनच एरवी कातडी कितीही ओढली तरी वरची सुटून येत नाही.

चहाने ही पकड सुटली. वरची मेली, आणि खालचीतल्या बारीक रक्तवाहिन्या उष्णतेने झिरपायला लागल्या. रक्तातला पाण्याचा आणि प्रथिनांचा भाग, ज्याला आपण लस म्हणतो, तो बाहेर आला आणि दोघींच्या मध्ये साठला. तोच फोड. आता वरचं छप्पर गेल्यामुळे मज्जातंतूंची टोकं उघडी पडलीत, म्हणून हवाही झोंबते. पट्टी बांधली की दुखणं निम्म्याने उतरतं ते याचमुळे. तिची किंकाळी ऐकवत नसेल, पण मी तुम्हाला मनापासून सांगते, ती चांगली खूण आहे. वॉर्डात मला धास्ती वाटायची ती न दुखणाऱ्या जखमेची. पांढरीफटक किंवा काळपट, हाताला कडक लागणारी, टोचलं तरी पेशंटला कळत नाही अशी. तिथे मज्जातंतूच जळून गेलेले असतात, म्हणजे अंतस्त्वचा पार गेलेली असते.

नवी कातडी कुठून येते? हा भाग मला आजही नवलाचा वाटतो. बाह्यत्वचा पृष्ठभागावरच थांबत नाही. जिथे जिथे केस आहे तिथे ती आत वळते आणि केसाच्या मुळापर्यंतच्या खळग्याला अस्तर लावून खोल खाली जाते. घामाच्या नळ्यांचंही तेच. म्हणजे वरून सगळी साल गेली तरी खालच्या थरातल्या प्रत्येक खळग्यात बाह्यत्वचेच्या जिवंत पेशी शिल्लक असतात. जखम झाली की त्या खळग्यातून वर चढतात आणि चहूबाजूंनी पसरायला लागतात. ड्रेसिंग उघडताना मला हे डोळ्यांनी दिसायचं. आठव्या-दहाव्या दिवशी त्या ओल्या गुलाबी जागेवर मधोमध, कडेपासून लांब, सुईच्या अग्राएवढे फिकट चकचकीत ठिपके उमटतात. आदल्या पट्टीला नव्हते, आज आहेत. पुढच्या पट्टीला तेच ठिपके रुंदावलेले असतात, शेजारच्यांना भिडलेले असतात आणि तेवढी जागा ओली राहिलेली नसते. ते ठिपके दिसले की मी आईला बोलावून दाखवायचे. म्हणून मधला भाग भरायला महिने लागत नाहीत. तुमच्या लेकीच्या पट्टीलाही बघा, डॉक्टरांना विचारून जरा वाकून बघा.

आणि म्हणूनच ती जागा पुसायची नाही, खरवडायची नाही. पट्टी चिकटली असेल तर सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून सोडवायची. ओढलीत तर ते कोवळे ठिपके तिच्याबरोबर येतात.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच असं द्या: तुझा स्वतःचा पंजा, बोटं धरून, म्हणजे तुझ्या अंगाच्या कातडीचा साधारण शंभरावा भाग. जेवढ्या जागेवर चहा सांडला तेवढ्यातूनच लस झिरपते, तीही पहिले एक-दोन दिवस जास्त. बाकीच्या नव्व्याण्णव भागांचं दार बंद आहे. तू पाणी पी, ते भरून निघतं.

पण प्रश्न खुळा नाही हो तिचा. वॉर्डात आमची पहिली लढाई याच्याशीच असायची. मुलांमध्ये दहा टक्क्यांच्या वर आणि मोठ्यांमध्ये पंधरा-वीस टक्क्यांच्या वर भाजलं की तोंडाने पाणी पाजून भागत नाही, शिरेतून द्यावं लागतं. डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलच्या नावाने ओळखला जाणारा एक हिशेब आहे: वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला ४ मिलिलिटर, पहिल्या २४ तासांत. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७२०० मिलिलिटर, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. धडधाकट माणसाच्या कातडीतून नकळत दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी उडतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ते पातळ मेलेलं आवरण रोज काय काम करतं ते कळतं.

पाण्याबरोबर ऊबही जाते. मे महिन्याच्या दुपारी सगळं पुणं घामाघूम आणि आमचे पेशंट कुडकुडायचे. पंखे बंद, अंगावर ब्लँकेट, वॉर्ड मुद्दाम गरम ठेवलेला, आम्ही गाऊनच्या आत भिजलेल्या.

तिसरं म्हणजे जंतू. निरोगी कातडी कोरडी असते आणि थोडी आंबट असते, पीएच साधारण पाच. रोगजंतूंना हे मानवत नाही. तिच्यावर राहणारे नेहमीचे निरुपद्रवी जंतू बाहेरच्यांना जागा मिळू देत नाहीत. शिवाय बाह्यत्वचेत पहारेकरी पेशी असतात, आत घुसलेल्याचा तुकडा घेऊन त्या लसिकाग्रंथींना, म्हणजे शरीराच्या बचावाच्या ठाण्यांना, वर्दी देतात. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला त्या १८६८ साली दिसल्या, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता, आणि आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. हे सगळं एकदम जातं तेव्हा काय होतं ते मी पट्टीच्या रंगावरून ओळखायला शिकले. हिरवट पट्टी आणि तो विशिष्ट गोडसर वास आला की पोटात गोळा यायचा.

मावशी, म्हणूनच हळद-तूप, टूथपेस्ट उघड्या जखमेवर नको. तुमची माया मला कळते, पण पहारेकरी नसलेल्या जागेवर डब्यातली हळद म्हणजे जंतूंना आयतं दार. कोरफडीचंही तसंच. साल शाबूत असेल आणि नुसतं लाल झालं असेल तर गर लावायला हरकत नाही. साल निघालेल्या जागी कुंडीतल्या मातीशेजारचं पान आणू नका.

दिवेघाट

सिस्टर, फार छान समजावलंत. माझी एक शंका. मागच्या आषाढात पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. हडपसर ओलांडेपर्यंत ठीक होतो, घाट चढताना पावसाने बूट-मोजे भिजले आणि सासवडला पोचलो तेव्हा दोन्ही टाचांना आणि चवड्यांना फोड. तिथल्या वैद्यकीय पथकातल्या मुलाने सुईने कडेला भोक पाडून पाणी काढलं, साल तशीच ठेवून पट्टी मारली. फोड फोडू नये असं नेहमी ऐकतो, मग ते चुकीचं होतं का? आणि माझ्याबरोबरचे एक काका आळंदीपासून अनवाणी होते, त्यांना एकही फोड नाही, असं कसं?

निवृत्त सिस्टर

त्या मुलाने बरोबर केलं. साल ठेवली हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा फोड आणि या पोरीचा फोड दिसायला एक, पण जागा वेगळी. भाजल्याच्या फोडात बाह्यत्वचा अख्खीच्या अख्खी सुटते. घासण्याच्या फोडात ती स्वतःतच मधोमध फाटते. खालची पेशी जन्माला घालणारी रांग शाबूत राहते, म्हणून चार-पाच दिवसांत डागसुद्धा न राहता बरं होतं. फोड मोठा असेल आणि त्यावर वजन देऊन चालायचंच असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढतात. लहान असेल, दुखत नसेल, तर तसाच सोडावा.

टाच आणि चवडा यांचीच निवड का, तर तिथला मेलेला थर जाड आणि एकसंध असतो. पाऊल टाकलं की हाड पुढे सरकतं, बूट मागे धरून ठेवतो आणि मधल्या पेशींवर ताण येतो. पातळ कातडी असती तर खरचटली असती. जाड थर तुटत नाही, मग त्याच्या खाली फाटतं. ओल्या मोज्याने घर्षण वाढतं. काकांच्या पायाला वर्षानुवर्षांच्या चालण्याने घट्टा पडलेला असणार, आणि मुख्य म्हणजे घासायला बूटच नाही. पण हे वाचून कुणी एकदम अनवाणी निघू नका, डांबर तापलेलं असतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर मुळीच नाही. त्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते, फोड आला तरी कळत नाही आणि पुढे जखम चिघळते. वारीला जाणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाकडे रोज रात्री कुणीतरी बॅटरी लावून बघितलं पाहिजे. हे मी जीव तोडून सांगते, कारण पाय गमावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

शनिवारातला

कातडीचा विषय निघालाय आणि पुण्याचं नाव निघू नये असं कसं होईल? ग्राफ्टचा उल्लेख झाला म्हणून लिहितो.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचं वर्णन छापून आलं. सवाई माधवराव आणि नाना फडणीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र काढलं होतं.

पद्धत अशी: मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने आखायचं. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी अर्धा वेढा देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायची. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला जोड कापायचा. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनला असंच नाक करून दाखवलं. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सिस्टर, एक विचारतो. इथे जोड ठेवावा लागला. मग तुमच्या वॉर्डात मांडीची कातडी पूर्ण सुटी करून हातावर लावायचे, ती कशी जगायची? आणि मावशींच्या बाजूने सांगतो, तूप तिथेही होतं.

निवृत्त सिस्टर

किती सुंदर माहिती दिलीत. तो जोड म्हणजे त्या कातडीची रक्ताची वाट. कपाळाची कातडी पूर्ण जाडीची घेतली होती, दोन्ही थर. एवढ्या जाड तुकड्याला रक्त मिळालं नाही तर तो मरतो. पंचवीस दिवसांत नाकाकडून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरल्या, मग कपाळाच्या वाटेची गरज उरली नाही. त्या माणसाला हे अचूक ठाऊक होतं.

आम्ही मांडीवरून घ्यायचो तो पापुद्रा मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. बाह्यत्वचा पूर्ण आणि अंतस्त्वचेचा नुसता वरचा भाग. इतका पातळ असल्यामुळे पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतली लस शोषून तग धरतो, तोपर्यंत रक्तवाहिन्या जुळायला लागतात. मधे हलला किंवा खाली रक्त साठलं की संपलं. म्हणून ग्राफ्टवरची पट्टी पाचव्या दिवसापर्यंत उघडायची नाही, नातेवाईक कितीही विनवण्या करोत. आणि जिथून घेतला ती मांडी? ती पुन्हा केसांच्या खळग्यांतूनच भरते, दोन आठवड्यांत. गरज पडली तर त्याच जागेवरून पुन्हा घेता येतो.

तुपाचं म्हणाल, तर ते स्वच्छ कापलेल्या आणि चार दिवस सांधलेल्या जखमेवर होतं, नुकत्याच भाजलेल्यावर नव्हतं. पट्टी चिकटू नये म्हणून आजही आम्ही व्हॅसलीनची जाळी वापरतोच.

आता विषय आलाच आहे तर एक सांगू द्या. पन्नास-साठ टक्के भाजलेल्या माणसाकडे स्वतःची द्यायला कातडीच उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची दान केलेली कातडी लावतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठीवरून तसाच पातळ पापुद्रा घेतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत, देह विद्रूप दिसत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती ग्लिसरॉलमध्ये ठेवून कित्येक महिने टिकते. पेशंटचं शरीर काही आठवड्यांनी ती टाकून देतं, कायमची रुजत नाही, पण तेवढे दिवस ती पाणी आत धरते, जंतूंना बाहेर ठेवते, दुखणं कमी करते, आणि दरम्यान त्याची स्वतःची कातडी तयार होते. घरातल्या मोठ्यांशी याबद्दल आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी सहा तास फार लवकर जातात.

धायरीचा बाबा

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसे ते फिकट ठिपके दिसले! डॉक्टरांनीच भिंगाने लेकीला दाखवले. परवा शेवटची पट्टी निघाली, जागा पूर्ण कोरडी आहे. तिला तुमचं पंज्याचं उत्तर इतकं पटलं की घरातल्या सगळ्यांचे पंजे मोजून झाले. आता जागा गुलाबी आहे, कडेला थोडी पांढुरकी, आणि रात्री फार खाजवते. सोमवारपासून शाळा. मैदानावर ऊन असतं. काय काळजी घेऊ?

निवृत्त सिस्टर

वाचून डोळे भरून आले. तिला माझा आशीर्वाद सांगा.

खाज येणार. नव्या कातडीला तैलग्रंथींची साथ अजून पुरेशी मिळत नाही, ती कोरडी पडते. आंघोळीनंतर लगेच आणि रात्री झोपताना बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावा. नखं बारीक कापा. झोपच लागत नसेल तर डॉक्टर खाजेचं औषध देतील. त्या जागी साबण घासू नका. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो आणि ही जागा अजून नाजूक आहे.

रंगाचं असं की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळच्या रांगेत असतात. काळ्या-गोऱ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच, फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात याने. त्या आजूबाजूच्या पेशींना मेलॅनिनचे कण वाटतात आणि ते कण पेशीच्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला, जमून राहतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण आतल्या डीएनएपर्यंत कमी पोचतात. तिच्या नव्या कातडीत हे वाटप अजून सुरळीत झालेलं नाही. काही महिन्यांत होईल. तोवर ऊन लागलं तर जागा भाजेल किंवा कायमची काळवंडेल. म्हणून वर्षभर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि उघडं राहणार असेल तिथे सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या, म्हणजे गणवेशाच्या अर्ध्या बाह्यांवरून पोरीला कुणी बोलणार नाही.

अजून एक. गीझर किती अंशांवर आहे ते आज बघा. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर भाजतं, लहान मुलांची त्याहून लवकर, कारण ती पातळ असते. ५० च्या खाली आणा आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, असंच सोडा.

दर आठवड्याला डागावरून बोट फिरवून बघा. तो उंच, टणक किंवा जास्तच लाल होत चालला असं वाटलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. सिलिकॉनची पट्टी लावायला सांगतील आणि ती लवकर सुरू केली तर चांगला उपयोग होतो.